रविवारच्या फेरफटक्याला कोणती लेन्स न्यावी?



या मालेत गेल्या पाच दिवसांत संतवाङ्मय झाले, पाणीप्रश्न झाला, मधुमेहही झाला. आज आमच्या नावापुढे छापलेला विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. चिटणीसांनी तर दोनदा विचारले, "भाऊ, यंत्रमाग कामगारांचे प्रश्न सोडून हे काय काढलेत?" आम्ही त्यांना म्हटले, विषय सोडलेला नाही, तो पिशवीत घालून बरोबर आणला आहे. पिशवी उघडेपर्यंत आपण धीर धरावा.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे सारे नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. वयाच्या पंधराव्या वर्षी इचलकरंजीत कांड्या भरायला लागलो, मग मागावर उभे राहिलो, आणि काही वर्षांनी मागावर उभे राहणाऱ्यांच्या वतीने बोलायला लागलो. आज वय छप्पन आहे. छायाचित्रणाचा धंदा आम्ही कधी केला नाही, त्यात नाव मिळवले नाही. परंतु पस्तीस वर्षे कॅमेरा खांद्याला आहे आणि त्याने आम्हांला दोन वेळा चांगले फटके दिले आहेत. ते फटके हीच आमची या विषयातली पदवी.

१९९१ साली गावातल्या एका स्टुडिओवाल्या काकांनी धंदा मुलाच्या हाती दिला, तेव्हा त्यांचा जुना रशियन झेनिट कॅमेरा आम्ही आठ हप्त्यांत विकत घेतला. किलोच्या आसपास वजनाचे लोखंडी धूड. त्याला ५८ मिलिमीटरची हेलिऑस लेन्स. तिच्यावर आमची पहिली पाच वर्षे गेली. गेटवरच्या सभा, मोर्चे, कुणाच्या मुलीचे लग्न, कुणाचे ओळखपत्र, सगळे तिच्यातून. दुसरी लेन्स असते हे ठाऊक होते. परंतु दुसरी सायकल असावी असे जसे एका सायकलवाल्याला वाटत नाही, तसे आमचे होते.

पहिला फटका १९९६ सालचा. एका कारखान्यात आमच्या एका सहकाऱ्याचा सदरा मागच्या मागाच्या पट्ट्यात अडकला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. कारखान्याचे नाव आज घेत नाही. दोन मागांमधली गल्ली इतकी अरुंद होती, की वाकून तुटलेला धागा जोडायचा तर पाठ मागच्या पट्ट्याला घासे. नुकसानभरपाईचा प्रश्न वेगळा. आमची मागणी अशी होती, की त्या शेडमधले सगळे माग हलवून मध्ये पुरेशी जागा सोडावी, नाहीतर आज एकाची बोटे गेली, उद्या दुसऱ्याचा हात जाईल. चौकशी लागली. पुरावा म्हणून फोटो द्यावा असे आम्हीच सुचवले. आमच्या नेहमीच्या लेन्समध्ये गल्ली आणि दोन्ही माग एकदम मावेनात. म्हणून काकांकडून २८ मिलिमीटरची रुंद लेन्स उसनी आणली. गल्लीच्या तोंडाशी, मागाला जवळजवळ चिकटून उभे राहिलो, आणि सगळे काही एका चौकटीत आले. रात्री प्रिंट हातात आली तेव्हा आम्ही खूष होतो. काहीही सुटले नव्हते.

चौकशीत मालकांच्या वकिलांनी तो फोटो हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवून शांतपणे म्हणाले, "यातून बैलगाडी जाईल."

आम्ही पुन्हा फोटो पाहिला. खरोखरच जात होती. दीड फुटाची गल्ली आमच्याच फोटोत हमरस्त्यासारखी पसरली होती. आम्ही तोंडाने दीड फूट म्हणत होतो आणि आमचाच कागद आठ फूट म्हणत होता. मोजमाप घेऊन पंचनामा करून ठेवावा एवढे शहाणपण तेव्हा नव्हते. अधिकारी जागेवर आले तोवर पुढच्या दोन माग-जोड्या सरकवून झालेल्या होत्या. चौकशी बंद झाली. ज्याची बोटे गेली तो आम्हांला काही बोलला नाही, उलट त्यानेच चहा पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

त्या संध्याकाळी तो फोटो घेऊन काकांकडे गेलो आणि रागाने विचारले, की तुमची लेन्स खोटे बोलते का? काका म्हणाले, "लेन्स खोटे बोलत नाही रे. तू उभा कुठे राहिलास ते सांग."

आता जे सांगणार आहोत ते आम्हांला त्या दिवशी काकांनी एका काडेपेटीवर शिकवले. आपण घरी करून पाहावे. टेबलावर एक काडेपेटी आणि तिच्यामागे वीतभर अंतरावर दुसरी ठेवा. एक डोळा मिटून अगदी जवळून पाहा. पुढची पेटी भली मोठी, मागची चिमुकली, आणि मधले अंतर मैदानासारखे दिसेल. आता खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्या दिसतील आणि एकमेकींना चिकटून बसल्यासारख्या वाटतील. पेट्या हलल्या नाहीत, तुम्ही हललात. वस्तूंचे आपसांतले प्रमाण लेन्सने ठरत नाही, उभे राहण्याच्या जागेने ठरते. लेन्स फक्त त्या जागेवरून किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. रुंद लेन्स जास्त कापते, म्हणून माणूस तिच्या भरवशावर जवळ जातो; लांब लेन्स थोडे कापते, म्हणून माणूस दूर जातो. आम्ही गल्लीच्या तोंडाशी नाक लावले आणि गल्ली फुगली. व्हरांड्यात मागे सरून, साधी लेन्स लावून, गल्लीत एक माणूस उभा करून फोटो काढला असता, तर त्याचे दोन्ही खांदे मागांना टेकलेले दिसले असते. मग त्यातून बैलगाडी काय, बैलाचे शिंगसुद्धा गेले नसते.

मग कामगार चळवळीत लांब लेन्सची लबाडी होत नाही काय? होते, आणि ती आम्हीही केली आहे. तीनशे माणसांचा मोर्चा समोरून, दूरच्या गच्चीवरून, लांब लेन्सने टिपला तर माणसांवर माणसे चढलेली दिसतात आणि वाचणाऱ्याला तीन हजार वाटतात. तोच मोर्चा विरोधी मनाच्या माणसाने मोर्च्यात शिरून रुंद लेन्सने टिपला तर रस्ता मोकळा आणि माणसे विरळ. वर्तमानपत्रातला गर्दीचा फोटो पाहताना, फोटोवाला कुठे उभा होता असा प्रश्न मनात आणण्याची सवय आपण लावून घ्यावी. आमच्या फोटोंनाही तोच प्रश्न विचारावा.

या प्रकारानंतर आम्ही ठरवले, की लेन्स म्हणजे काय हे नीट शिकायचे. शिकायचे कुठे? कारखान्यात परवानगी नाही, चौकशीत वेळ नाही. उरला रविवार. रविवारी मंडळींबरोबर कुठेतरी जायचे आणि कॅमेरा न्यायचा. विरंगुळ्यासाठी निघालेल्या माणसाने कोणती लेन्स न्यावी हा प्रश्न आमच्यापुढे आला तो असा मागच्या दाराने.

शिकता शिकता एक माणूस पुस्तकात भेटला, त्याचे नाव सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ऑस्कर बार्नाक. १८७९ साली जर्मनीत जन्मला. हा प्राध्यापक नव्हता, सरदार नव्हता. बारीक यंत्रकामाचा कारागीर होता. १९११ साली वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्यात लागला. तिथे सूक्ष्मदर्शक यंत्रे बनत. या माणसाला डोंगरात भटकण्याचा नाद आणि छातीला दम्याचा त्रास. त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचेच्या तबकड्या आणि तिपाई. ते ओझे घेऊन चढ चढणे त्याला जमेना. तेव्हा त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट घेतली आणि खिशात मावेल असा कॅमेरा घडवला. १९२० साली वेट्झलारला पूर आला तेव्हा त्याने त्या नमुन्याच्या कॅमेऱ्याने पाण्यातले रस्ते टिपले. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला. त्यावर एकच लेन्स होती, ५० मिलिमीटरची, आणि ती काढताही येत नव्हती. जगातला हा गाजलेला कॅमेरा दमेकरी कामगाराच्या फेरफटक्यासाठी जन्माला आला आणि एकाच लेन्सवर उभा राहिला, हे वाचले तेव्हा आम्हांला झालेला आनंद कोणत्याही वेतनकरारापेक्षा कमी नव्हता.

५० मिलिमीटरच का? त्या चौकटीचा कर्ण मोजला तर सुमारे ४३ मिलिमीटर भरतो. लेन्सचा आकडा या कर्णाच्या आसपास असला म्हणजे चित्र फार पसरट नाही आणि फार चेपलेलेही नाही, असे दिसते. फ्रान्सचे आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक आयुष्य याच आकड्याच्या लेन्सवर काढले. १९४८ च्या जानेवारीत दिल्लीला गांधीजींना भेटून ते बाहेर पडले आणि थोड्याच वेळात गांधीजींचा खून झाला. अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो जगभर गेले. त्याच दिल्लीत आपल्या होमाई व्यारावाला काम करीत होत्या. त्यांच्या हातातल्या रोलायफ्लेक्सची लेन्सही बदलता येत नसे. जवळचे हवे तर जवळ जा, दूरचे हवे तर मागे सरका. साडी नेसलेली ही बाई मंत्री-राजदूतांच्या गर्दीत जड सामान घेऊन हे करीत होती. आमच्या तरुण मित्रांनी लेन्स नाही म्हणून कुरकुर करण्याआधी हे आठवावे.

हे सारे वाचूनही माणूस शहाणा होतो असे नाही. आता दुसऱ्या फटक्याची गोष्ट.

२००४ च्या जानेवारीत युनियनच्या मंडळींची सहल पन्हाळ्याला निघाली. तोवर आमच्याकडे तीन लेन्स जमल्या होत्या: २८, ५८ आणि १३५. तिन्ही पिशवीत. कधी काय लागेल कोण जाणे! सज्जाकोठीवर दरी मोठी दिसते म्हणून रुंद लावली, मग दरीतले शेत दिसले म्हणून लांब लावली, मग पोरे हाका मारू लागली म्हणून साधी लावली. झेनिटची लेन्स आट्यांची असते, बाटलीच्या झाकणासारखी फिरवत काढायची आणि फिरवत बसवायची. आमच्या घरच्या मंडळींनी शेवटी विचारले, "अहो, सहलीला आलायसा का दुकान मांडायला?"

आम्ही हसण्यावारी नेले. दुपारी तीन दरवाजाला आलो. आत काळोख, बाहेर लख्ख ऊन, आणि त्या उंबऱ्यावर आमचे म्हातारे जॉबरमामा नातीला खांद्यावर घेऊन उभे. नातीने त्यांची टोपी आपल्या डोक्यावर घातलेली, आणि मामा कधी नव्हे ते तोंडभरून हसत होते. चाळीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस; ऐकू कमी येई, म्हणून बोलणे कमी आणि हसणे त्याहून कमी. आमच्या कॅमेऱ्यावर त्या वेळी १३५ होती. एवढ्या जवळून मामांचे नाक आणि नातीचा पाय यांपलीकडे काही येईना. खाली बसलो, आटे फिरवू लागलो. घाईत आटे वाकडे बसले, पुन्हा काढले. मान वर केली तेव्हा नात खाली उतरून पळाली होती आणि मामा टोपी झटकत होते. "मामा, पुन्हा उभे राहा," म्हटले. राहिले. परंतु ते आता फोटोसाठी उभे होते, ताठ, ओठ मिटून.

त्याच वर्षी पावसाळ्यात मामा गेले. त्यांचा मुलगा फोटो मागायला आला. आमच्याकडे मामांचे दोन फोटो निघाले. एकात साठ माणसांत तांदळाएवढे तोंड, दुसऱ्यात ते ताठ उभे राहणे. मुलाने दुसरा नेला. भिंतीवर हार घालून तोच आहे. आम्ही त्या घरी जातो तेव्हा समोरच्या खुर्चीवर बसत नाही.

एवढे झाल्यावर आमचा नियम ठरला, तो वीस वर्षे बहुतेक पाळला आहे. सहज फिरायला जाताना एकच लेन्स, ती कॅमेऱ्यावर, आणि दुसरी घरी कपाटात. हल्ली आमच्याजवळ जुना डिजिटल कॅमेरा आहे. त्याचा पडदा बार्नाकच्या चौकटीपेक्षा लहान, सुमारे २४ गुणिले १६ मिलिमीटर. म्हणून लेन्सचा आकडा दीडपट धरावा लागतो. त्यावर ३५ ची लेन्स लावली की जुन्या ५० च्या जवळपास काम देते. कॅमेऱ्याबरोबर जी १८ ते ५५ ची झूम लेन्स मिळते ती वाईट नाही. झूम ही काही कालपरवाची चैनही नव्हे. लहान कॅमेऱ्यासाठी पहिली झूम फोक्टलेंडर कंपनीने १९५९ साली बाजारात आणली होती. ज्याला एकाच लेन्सचा कंटाळा येतो त्याने ती खुशाल न्यावी. आमची तक्रार दोनच. पहिली, ती हाती असली की पाय हलत नाहीत. माणूस जागेवर उभा राहून कडी फिरवतो आणि जागेमुळे चित्र बदलते हे विसरतो. दुसरी तक्रार उजेडाची. झूमच्या लांब टोकाला छिद्राचा आकडा बहुधा ५.६ असतो. साध्या एकआकडी लेन्सचा १.८ असतो. आकडा लहान तितके छिद्र मोठे. हिशेब केला तर १.८ मधून ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. चहाच्या टपरीत, देवळाच्या गाभाऱ्याबाहेर, संध्याकाळी घरी परतताना एसटीत, म्हणजे जिथे माणसे खरोखर बसलेली-बोललेली असतात तिथे, ही दहापट फार उपयोगी पडते. किंमत आणि वजन दोन्हीही कमी. लांब, उजेड घेणारी, ७० ते २०० ची लेन्स दीड किलोच्या घरात जाते; ती गळ्यात घालून जोतिबाच्या पायऱ्या चढून पाहाव्यात.

जोतिबाची गोष्ट निघालीच आहे. चैत्र पौर्णिमेला तिथे हवेत गुलाल असतो. त्या हवेत लेन्स काढून कॅमेऱ्याचे तोंड उघडणे म्हणजे पापणी उलटी करून गुलाल उधळून घेणे. आम्ही एका शहाण्या पत्रकाराला ते करताना पाहिले आहे. मागांच्या शेडमध्ये कापसाची कस उडते, तिथेही तेच.

अपवाद नाहीत असे नाही. खिद्रापूरला जायचे तर आम्ही नियम मोडतो. कोपेश्वराच्या देवळापुढचा स्वर्गमंडप आपण पाहिला असेल. खांबांचे वर्तुळ, वर छत नाही, आकाशाचा गोल तुकडा. तिथे भोवती भिंत नि खांब, मागे सरायला जागा नाही. रुंद लेन्स तिथे लबाडी करीत नाही, ती जागाच तशी आहे. फक्त कॅमेरा वर कलता केला की खांब आत झुकतात एवढे ध्यानात ठेवावे. जमिनीवर सरळ उताणे पडून टिपले तर ते झुकणेच शोभून दिसते. आमचे धोतरवाले सोबती आमच्याकडे पाहून देवाला नमस्कार करतात. तसेच पक्षी पाहायला निघालेल्याला २०० च्या आत काही सांगण्यात अर्थ नाही. परंतु तो फेरफटका नव्हे, ती शिकार आहे. पहाटे जायचे, बोलायचे नाही, बरोबर बायकोमुले न्यायची नाहीत.

समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांपाशी लेन्सची पिशवी नाही, खिशात मोबाइल आहे, हे आम्हांला दिसते. त्यालाही हेच लागू. मोबाइलची मुख्य लेन्स जुन्या हिशेबाने २४ ते २८ च्या आसपास, म्हणजे आमची ती गल्ली फुगवणारीच. हातभर अंतरावरून नातवंडाचा फोटो काढला की नाक मोठे आणि कान मागे पळालेले दिसतात, त्याचे कारण हेच. दोन पावले मागे या आणि मग चित्राची कड कापा, किंवा दुप्पट करणारी लेन्स असेल तर ती वापरा. आणि घराच्या भिंतीला तडा गेला, रस्त्यात खड्डा पडला, कारखान्यात पट्ट्यावर जाळी नाही, असा पुरावा टिपायचा असेल तर शेजारी माणूस उभा करा नाहीतर पट्टी धरा. पट्टी वस्तूला टेकलेली असावी, पुढे हवेत धरलेली नसावी. हवेत धरलेली पट्टीसुद्धा वकिलाच्या कामाची असते, आपल्या नव्हे.

अध्यक्ष घड्याळ पाहू लागले आहेत. पिशवी उघडून दाखवण्याचे कबूल केले होते, ते राहिले. ही पाहा. कॅमेरा, त्यावर ३५ ची लेन्स, एक रुमाल, आणि ही लोखंडी मेजपट्टी, पाच मीटरची. ती १९९६ सालीच घेतली, चौकशी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. येत्या रविवारी आम्ही काहीजण नृसिंहवाडीला संगमावर जाणार आहोत. ऊन चढायच्या आत परतायचे असल्याने एसटी स्टँडवर सकाळी सहाला जमायचे आहे. ज्यांना यायचे त्यांनी यावे, भाकरी मात्र ज्याची त्याने आणावी.